अकरा विरुद्ध एक : ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ची पार्श्वभूमी

खुनाच्या खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या बारा नागरिकांची, म्हणजे ज्यूरीची, एका खोलीतील चर्चा दाखवणारा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ 1957 मध्ये पडद्यावर आला, त्याआधी 1954 मध्ये ही कथा अमेरिकी दूरचित्रवाणीवर नाटकाच्या रूपात थेट प्रक्षेपित झाली होती. लेखकाने न्यूयॉर्कमधील मनुष्यवधाच्या एका खटल्यात स्वतः ज्यूरीत बसून काम केले होते. चित्रपटाच्या 96 मिनिटांपैकी जेमतेम तीन मिनिटे ज्यूरीच्या खोलीबाहेर जातात. कॅमेरा आधी डोळ्यांच्या वर, मग समोर आणि शेवटी खाली येतो. जोडीला लांब पल्ल्याची भिंगे वापरल्याने भिंती माणसांच्या पाठीला टेकल्यासारख्या भासतात आणि छतही दिसू लागते.

आपल्याकडे या चित्रपटातील अभिनयाची वाखाणणी पुष्कळ होते, पण सारी कथा ज्यावर तोललेली आहे तो ‘एकमत’ हा शब्द मात्र दुर्लक्षित राहतो. बाराही जणांचा कौल एक झाल्याखेरीज निकाल देता येत नाही, म्हणूनच आरोपीला दोषी म्हणायला एकट्या आठव्या सदस्याने दिलेल्या नकाराने सगळ्यांना पुन्हा टेबलाशी बसावे लागते. भारतातील सत्र न्यायालयांत तसे नव्हते. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार तेथे ज्यूरीचे बहुमत पुरेसे असे; न्यायाधीशाला ते अजिबात पटले नाही, तर कलम 307 खाली तो प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवू शके. गोळ्या झाडून खून केल्याच्या आरोपावरून मुंबईत नानावटी या नौदल अधिकाऱ्यावर चाललेल्या 1959 च्या खटल्यात नेमके हेच घडले. नऊपैकी आठ जणांनी त्याला निर्दोष ठरवले, विचारी माणसे असा कौल देऊच शकत नाहीत या मताने न्यायाधीशांनी प्रकरण वर पाठवले आणि उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. तेथील नवव्या सदस्याला इतरांचे मन वळवण्यावाचून गत्यंतर नाही, अशी वेळ कायद्याने येऊच दिली नव्हती.

याच खटल्याने ज्यूरी गेली, असे सर्रास सांगितले जाते, ते अपुरे आहे. ही पद्धत बंद करण्याची शिफारस 1958 मध्येच, म्हणजे त्या गोळ्या झाडल्या जाण्याआधीच, अधिकृत अहवालात झाली होती. पुढे 1973 च्या संहितेत तिला जागा उरली नाही.

‘एक रुका हुआ फैसला’ हे हिंदी रूपांतर 1986 चे, म्हणजे ती संहिता लागू होऊन बारा वर्षे उलटल्यानंतरचे. रूपांतरकारांनी ज्यूरी ठेवली आणि एकमताची अटही ठेवली. कायद्याच्या दृष्टीने ती चूकच, पण नाट्याच्या दृष्टीने मला ती योग्य वाटते, कारण बहुमताची भारतीय पद्धत स्वीकारली असती, तर कथा पहिल्याच मतदानाला संपली असती.