निम्हान्सला नेलं म्हणजे माणूस वेडा झाला असं नसतं

आपल्याकडं नांदेड-लातूर साईडला कुणाला बेंगळुरूच्या निम्हान्सला, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी इस्पितळात, न्यायचं म्हणलं की लगेच कुजबुज, डोकं फिरलं वाटतं, आता तिथंच ठेवतील. साफ चूक आहे हे.

सुरुवात वेड्यांच्या इस्पितळापासून झाली हे खरंय, म्हैसूर संस्थानातलं जुनं इस्पितळ ते, १९२५ ला त्याचं नाव मेंटल हॉस्पिटल केलं. पण पुढं १९५४ ला तिथं मानसिक आरोग्याचं शिक्षण देणारी अखिल भारतीय संस्था निघाली आणि १९७४ ला दोन्ही एकत्र करून निम्हान्स झालं, अन् त्याचे पहिले डायरेक्टर डॉ. आर. एम. वर्मा हे न्यूरोसर्जन होते, म्हणजे मेंदूचं ऑपरेशन करणारे! फिट, लकवा, मेंदूतली गाठ, अ‍ॅक्सिडेंटमधला डोक्याचा मार, हे सगळे पेशंट तिथं असतात. ओपीडीत दाखवून, गोळ्या घेऊन माघारी येणारे कितीतरी.

शॉकची, म्हणजे मेंदूला विजेचा झटका देण्याच्या उपचाराची, भीती पण सांगतात लोक. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी आहे, आणि तो शिक्षा म्हणून नाही, गंभीर आजारात उपचार म्हणून देतात.

लेकराला फिट येत असेल तर लोक काय म्हणतील म्हणून लपवू नका, मेंदूच्या डॉक्टरला दाखवा, निम्हान्स लांब वाटत असेल तर आधी जवळच्या मेडिकल कॉलेजला न्या.