सिलिका आणि कॅल्साइट: थर सारखे, वागणं उलटं

अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानात गरम पाण्याने घडवलेले दोन प्रकारचे फिकट खडक दिसतात. मॅमथ हॉट स्प्रिंग्जच्या पांढऱ्या पायऱ्या कॅल्साइटच्या, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाच्या आहेत, तर ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या फवाऱ्याभोवतीचं करडं कवच सिलिकाचं, म्हणजे वाळूतल्या मुख्य द्रव्याचं आहे. मॅमथचं पाणी चुनखडीतून वर येतं, ओल्ड फेथफुलचं सिलिकाने भरलेल्या ज्वालामुखीय खडकातून. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की कॅल्साइट फसफसतं, सिलिकाला काहीही होत नाही. पण खरा फरक जमिनीखाली आहे, आणि खोल साठ्यातलं गरम पाणी विहिरींतून वर काढून वीज बनवणाऱ्या भू-औष्णिक केंद्रांना तो जाणवतो.

पाणी जितकं तापेल, तितकी सिलिका जास्त विरघळते. २०० अंश सेल्सिअसला एक किलो पाण्यात क्वार्ट्‌झ, म्हणजे स्फटिकरूपातली सिलिका, सुमारे २६५ मिलिग्रॅम मावतं, २५० अंशांना ४९० च्या आसपास. मग पाणी निवताच ते सगळं खाली का बसत नाही? कारण कमी तापमानात क्वार्ट्‌झचे स्फटिक फार सावकाश वाढतात. प्रत्यक्षात थर बसतो तो स्फटिक नसलेल्या सिलिकाचा, आणि ती १०० अंशांनाही सुमारे ३६५ मिलिग्रॅम विरघळलेली राहू शकते. त्यामुळे २०० अंशांच्या साठ्यातलं पाणी काही वाफ गमावून १०० अंशांवर आलं, तरी सहसा या मर्यादेच्या आत असतं. २५० अंशांचं पाणी ती सहज ओलांडतं, आणि मग जमिनीवरचे पाइप आणि पाणी परत जमिनीत सोडायच्या विहिरी तुंबू लागतात. मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते: खाली हिशेब एका रूपाचा, वर दुसऱ्याच रूपाचा.

कॅल्साइट मात्र तापमान वाढलं की कमी विरघळतं. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत गीझरच्या कॉइलवर थर बसतो तो यामुळेच. खोल साठ्यात त्याला विरघळलेलं ठेवतो तो पाण्यात मुरलेला कार्बन डायऑक्साइड. वर चढताना दाब घटून पाणी उकळू लागलं की हा वायू वाफेबरोबर निसटतो, पाण्याची आम्लता कमी होते आणि कॅल्साइट विहिरीच्या नळीतच बसतं. तुर्कस्तानात देनिझ्ली प्रांतातल्या किझिलदेरे वीजकेंद्राला हा त्रास चांगलाच भोवला. पामुक्कलेच्या पांढऱ्या पायऱ्याही त्याच प्रांतात आहेत.

म्हणून उपायही वेगळे. कॅल्साइट रोखणारं रसायन बारीक नळीने उकळण्याच्या जागेच्याही खाली सोडावं लागतं. सिलिकासाठी पाणी फार निवू देत नाहीत किंवा त्यात थोडं आम्ल मिसळतात. त्याने थर बसणं लांबतं.

सिलिकाच्या या सावकाशपणाचा एक उपयोगही होतो. झऱ्याच्या पाण्यातली सिलिका मोजून खालच्या साठ्याचं तापमान काढता येतं. कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांनाही ही पद्धत लावली गेली आहे. मात्र वाटेत थंड भूजल मिसळलं असेल, तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.