हेड बोल्टच्या जागी हीटर: ब्लॉक हीटरची पार्श्वभूमी

कॅनडातल्या विनिपेगला किंवा एडमंटनला नव्याने राहायला गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या हिवाळ्यात हमखास पडणारा प्रश्न म्हणजे, साध्या पेट्रोलच्या गाडीच्या बॉनेटमधून विजेचा प्लग का लोंबतोय? ती वायर आत इंजिन ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडात, ते गरम ठेवायला बसवलेल्या हीटरची असते. ही सोय मोटार कंपन्यांच्या डोक्यातून आली असं सहज वाटेल. पण तिची ओळखली जाणारी सुरुवात झाली ती वीजपुरवठ्याच्या धंद्यातल्या एका माणसाकडून.

दुखणं मात्र मोटारीइतकंच जुनं. उणे 30 अंशांत रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या इंजिनातलं तेल घट्ट होतं, पेट्रोलची वाफ नीट होत नाही, आणि इंजिन फिरवायला सर्वांत जास्त जोर लागतो नेमका तेव्हाच बॅटरीचा दम निम्म्याच्या आसपास आलेला असतो. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला तेव्हा हँडल मारण्याची कटकट गेली खरी, पण सगळी भिस्त बॅटरीवर येऊन पडली.

तोवर लोकांनी आपापले तोडगे काढलेच होते. संध्याकाळी रेडिएटरचं पाणी सोडून द्यायचं, नाहीतर सकाळी ब्लॉकला तडा गेलेला दिसायचा. तेल काढून डब्यात भरायचं, घरात शेगडीजवळ ठेवायचं आणि पहाटे गरम करून परत ओतायचं. अलास्कातले वैमानिक विमानाच्या इंजिनावर जाड कॅनव्हास टाकून खाली स्टोव्ह पेटवत. पेट्रोलच्या टाकीजवळ आग ठेवून तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, हा त्यांच्या रोजच्या कामाचाच भाग होता. 1927 मध्ये प्रेस्टोनचं इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं न गोठू देणारं द्रव, बाजारात आलं आणि पाणी गोठण्याची भीती बरीच कमी झाली. इंजिन मात्र थंडगारच राहिलं.

ते रात्रभर विजेवर गरम ठेवायचं तर अंगणात वीज हवी. 1930 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. 1935 साली ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी योजना सुरू झाली आणि सहकारी वीजसंस्थांनी गावोगाव तारा नेल्या. अँड्र्यू फ्रीमन हा अशाच एका सहकारी वीजसंस्थेतला माणूस, नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सचा. सिलिंडर हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, घट्ट आवळणाऱ्या बोल्टपैकी एक काढायचा आणि त्या जागी आत हीटर असलेला पोकळ बोल्ट बसवायचा, ही त्याची कल्पना. नोव्हेंबर 1949 मध्ये त्याला पेटंट मिळालं. यातली खरी हुशारी मला वाटते ती अशी, की ब्लॉकला नवं भोक पाडावं लागत नव्हतं. पाना वापरता येणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला ते काम गोठ्याशेजारी उभं राहून करता आलं असतं. ब्लॉक हीटर घरी बसवण्याची परंपरा ही अशी मुळातच आहे.

पुढे हीटरने जागा बदलली. ब्लॉक वाळूच्या साच्यात ओततात. आतली वाळू काढण्यासाठी राहिलेली गोल भोकं नंतर धातूच्या चकत्यांनी बंद करतात. त्यातली एक चकती काढून तिथे हीटर बसवला की तो थेट कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, बुडतो. गरम झालेलं कूलंट आपोआप वर सरकतं आणि उष्णता ब्लॉकभर पसरते. आज घरी बसवतात ते बहुतेक याच जातीचे, साधारण 400 ते 1000 वॉटचे. रेडिएटरच्या खालच्या पाइपात बसणारे आणि ऑइल पॅनला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला, चिकटवायचे प्रकारही आहेत. डिपस्टिकच्या, म्हणजे तेलाची पातळी बघायच्या पट्टीच्या, जागी खुपसायचा हीटर मात्र स्वस्त असला तरी समाधानापुरताच.

काम दिसतं तेवढं अवघड नाही. पण कूलंट पुन्हा भरून आतली हवा काढल्याशिवाय प्लग लावला, तर कोरडा हीटर क्षणात जळतो. वायर एक्झॉस्टपासून आणि पंख्यापासून लांब बांधावी लागते.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा अनुभव लडाखचा, आणि तिथे तर इंधनच आडवं येतं. डिझेलमधलं मेण थंडीत साकळतं, मग ब्लॉक कितीही गरम असला तरी काय उपयोग? म्हणून पूर्वी ड्रायव्हर टाकीखाली जाळ करत. नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑइलने उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारं डिझेल तिथे आणलं.

कॅनडात पूर्वी हीटर रात्रभर चालू ठेवत. आता टायमर लावून निघण्याआधी दोनेक तास पुरतात. फ्युएल इंजेक्शन आणि पातळ सिंथेटिक तेलं आल्यापासून उणे 15 पर्यंत बऱ्याच गाड्या हीटरविनाही सुरू होतात. कडक थंडीच्या प्रांतांत अनेक नव्या गाड्यांना तो कंपनीतूनच बसवलेला येतो. त्यामुळे घरी पाना हातात घेण्याची वेळ येते ती बहुधा उबदार भागातून विकत आणलेल्या जुन्या गाडीवर.