हृदयाच्या पेशींवर पीएचडी: नाशिकहून अर्ज करताना

‘म्हसरूळला विद्यापीठ आहेच की, तिथेच फॉर्म भरते.’ एमएस्सी झालेल्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं आणि पहिली चूक इथेच होते. नाशिकच्या म्हसरूळचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, नर्सिंग अशा शाखांचं. तिथली पीएचडी आणि तिची प्रवेश परीक्षा ‘पेट’ मुख्यतः याच शाखांतल्या पदव्युत्तरांसाठी. प्राणिशास्त्र, बायोटेक, जीवरसायनशास्त्र घेऊन एमएस्सी केलेल्यांनी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे पाहायचं. नाशिक जिल्हा त्याच्याच कार्यक्षेत्रात येतो. रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी का बिघडतात, हा प्रश्न दोन्हीकडे मांडता येतो, पण दार आपापलंच ठोठावावं लागतं.

पात्रतेत फार गुंतागुंत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमिलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत. मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. महिलांना त्यापुढे जादा मुदतीची सवलत आहे, शिवाय २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा. ही रजा कागदावर आहे हे अनेकींना माहीतच नसतं.

परीक्षा म्हणाल तर सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, विषय लाइफ सायन्सेस. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधक फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि नियमाप्रमाणे घरभाडं. जेआरएफ हुकली, पण पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरलात, तर नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन मिळतं. हे गुण एकच वर्ष चालतात, तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’ परवडत नाही. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी आधी पीएचडीची नोंदणी हातात लागते.

कागदपत्रं नेहमीचीच: गुणपत्रकं, पदवी प्रमाणपत्र, आधार, जात प्रमाणपत्र आणि जात वैधता, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र, नोकरीत असाल तर ना हरकत पत्र. घोटाळा होतो तो नॉन-क्रिमिलेअरच्या तारखेत. मुदत संपलेली असते आणि ते लक्षात येतं शेवटच्या दिवशी, सेतू केंद्राच्या रांगेत. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा.

आता खरी परीक्षा: संशोधन आराखडा. ‘हृदयविकाराचा पेशीय अभ्यास’ हा विषय झाला नाही, ते फक्त मथळ्याचं ओझं. ऑक्सिडाइज्ड एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) गिळून मॅक्रोफेज या भक्षक पेशी फेसाळ पेशी बनतात आणि धमनीत थर साचतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही त्यातला कोणता टप्पा, कोणत्या पेशींत, कशाने मोजणार? टीएचपी-१ सारखी पेशीमालिका (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या मानवी पेशी) घेतली तर ती कुठून आणणार? पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं पेशी भांडार आहे, तसं आराखड्यात लिहा. प्रसूतीनंतरच्या नाळेतून अस्तराच्या पेशी काढायच्या असतील, तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी हवी आणि आईची संमती तिला समजेल अशा मराठीत. उंदरांवर प्रयोग असतील तर प्राणी नीतिमत्ता समिती वेगळी. मंजुरीच्या वाटेत महिने सहज जातात, ते वेळापत्रकात धरा.

मार्गदर्शक आधी शोधा. नियमाप्रमाणे प्राध्यापकांकडे ८, सहयोगी प्राध्यापकांकडे ६ आणि सहायक प्राध्यापकांकडे ४ च विद्यार्थी असू शकतात, म्हणून ‘सर ओळखीचे आहेत’ याला अर्थ नाही. जागा रिकामी आहे का, ते विचारा. आणखी एक विचारा: पेशी वाढवायचा कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर चालू आहे का, आणि वीज गेली तर उणे ८० अंशांचा फ्रीजर कशावर चालतो? यातलं काही तिथे नसेल तर पुण्यातला सहमार्गदर्शक बघा आणि त्यांच्या प्रयोगशाळेत काम करू देण्याचं लेखी पत्र मुलाखतीआधी आराखड्याला जोडा.