रात्री साप फिका का पडतो?

साप पाळणाऱ्या एका परिचिताने मला दोन फोटो पाठवले आणि खाली एवढंच लिहिलं, ‘आजारी आहे का?’

दोन्ही फोटोंत एकच बोआ, म्हणजे अजगरासारखा बिनविषारी साप, होता. दुपारच्या फोटोत अंग करडं-तपकिरी आणि पाठीवरचे ठिपके ठसठशीत. रात्री अकराच्या फोटोत तोच साप जणू धुऊन काढल्यासारखा, अंग फिकट गुलाबीसर, ठिपके पुसट. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गडद. आठवडाभर हे पाहून तो घाबरला होता. सापाचं खाणं, फिरणं, श्वास सगळं व्यवस्थित असल्याचं त्याच्याच बोलण्यातून कळलं. तो हॉग आयलंड बोआ होता, म्हणजे होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या कायोस कोचिनोस या चिमुकल्या बेटांवरचा. या बोआंचा हा रोजचाच क्रम आहे. संध्याकाळ झाली की फिकं पडायचं आणि दिवस उजाडला की गडद व्हायचं.

रंग बदलणं म्हटलं की आपल्याला सरडा आठवतो. वाक्प्रचारही त्याच्याच नावावर आहे. साप मात्र जन्मभर एका रंगाचा, फार तर कात टाकल्यावर थोडा चकचकीत, असं आपण धरून चालतो. बहुतेक सापांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण बोआंच्या काही जाती, कॅरिबियन बेटांवरचे ट्रॉपिडोफिस गटातले बुटके साप, मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडवरचा बोआ, उत्तर ऑस्ट्रेलियातला ओएनपेली अजगर हे सगळे दिवसा गडद आणि रात्री फिके असतात. 2005 मध्ये बोर्निओतल्या कापुआस नदीच्या परिसरातून चिखलात राहणाऱ्या एका सापाची नवी जात नोंदवली गेली. संशोधकाने लालसर तपकिरी साप अंधाऱ्या बादलीत ठेवला होता. काही मिनिटांनी पाहतो तर साप जवळजवळ पांढरा! पुढच्या वर्षी ही बातमी जगभर गाजली.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. रंग जातो कुठे आणि परत येतो कुठून?

आधी सापाने टाकलेली कात हातात घेऊन उजेडासमोर धरा. गडद तपकिरी सापाची असली तरी ती जवळजवळ पारदर्शक असते. जाळीदार, कुरकुरीत, आणि नक्षीची फार तर पुसटशी छाया. सापाचा रंग त्या वरच्या केराटिनच्या थरात जवळपास नसतोच. तो त्याखालच्या जिवंत त्वचेत, रंगपेशींमध्ये असतो आणि आपण तो काचेतून पाहावा तसा पाहतो. रंगपेशींचे साधारण तीन थर कल्पावेत. सगळ्यात वर पिवळ्या-तांबड्या रंगद्रव्याच्या पेशी, मधे प्रकाश परतवणाऱ्या स्फटिकांच्या पेशी आणि तळाशी काळ्या-तपकिरी मेलॅनिनने भरलेल्या मेलॅनोफोर पेशी. या तळच्या पेशींचे लांबलचक फाटे वरच्या पेशींच्या भोवतीने वर चढलेले असतात. दिवस-रात्रीचा खेळ मुख्यतः या मेलॅनोफोरचा आहे.

मेलॅनिन पेशीभर विरघळलेलं नसतं. ते मेलॅनोसोम नावाच्या बारीक दाण्यांत भरलेलं असतं. एक दाणा साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. साप फिका पडतो तेव्हा यातला एकही दाणा नष्ट होत नाही आणि गडद होतो तेव्हा एकही नवा तयार होत नाही. दाणे फक्त जागा बदलतात. पांढऱ्या फरशीच्या मोकळ्या चौकात दोनशे माणसं काळ्या छत्र्या घेऊन उभी आहेत आणि आपण उंच गच्चीवरून पाहतो आहोत असं समजा. छत्र्या उघड्या असतील तर चौक काळा. सगळ्यांनी एकदम मिटल्या तर चौक पांढरा, मधे मधे काळे ठिपके. कापड तेवढंच, माणसंही तीच. मेलॅनोफोरमधले दाणे फाट्यांच्या टोकापर्यंत पसरले की छत्री उघडली आणि केंद्रकापाशी गोळा झाले की मिटली.

उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. छत्री स्वतः आकार बदलते, मेलॅनोफोर बदलत नाही. पूर्वी काही अभ्यासकांना पेशीच आक्रसते असं वाटायचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी माशाच्या खवल्यावर हे पहिल्यांदा पाहिलं. खवला काचपट्टीवर, लवणद्रावणाच्या थेंबात. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या, फांद्या फुटलेल्या चांदण्या. पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण सोडलं आणि काही क्षणांत फांद्यांची टोकं फिकी व्हायला लागली. काळेपणा आत सरकत गेला आणि दोन-तीन मिनिटांत चांदणीच्या जागी एक टपोरा काळा ठिपका उरला. नीट फोकस केला तर रिकाम्या फांद्या अजून तिथेच, काचेसारख्या, दिसतात. पहिलं द्रावण परत घातलं की दाणे त्याच फांद्यांतून बाहेर निघतात. मी ते सलग चार वेळा करून पाहिलं, तास संपून गेला तरी उठवेना. माशात ही आज्ञा मज्जातंतूंकडून येते म्हणून इतकी झटपट. सापात ती रक्तातल्या संप्रेरकांकडून येते, त्यामुळे वेळ जास्त लागतो. पण दाणे आत-बाहेर जाण्याचं मूळ तत्त्व तेच.

हे दाणे सरकवतं कोण? पेशीच्या केंद्रापासून कडेपर्यंत सूक्ष्मनलिकांचे मार्ग गेलेले असतात, रुळांसारखे. त्यावर दाण्यांना ओढणारी प्रथिनं असतात. त्यांना शास्त्रज्ञ मोटार प्रथिनंच म्हणतात आणि ते नाव अगदी योग्य आहे. कायनेसिन-2 दाण्याला बाहेर, कडेकडे नेतं. डायनीन आत, केंद्राकडे आणतं. दोन्ही मोटारी नलिकेवर 8 नॅनोमीटरच्या पटीत पावलं टाकतात. पेशीच्या एका फाट्याची लांबी 40 मायक्रॉन धरली, तर आठ-आठ नॅनोमीटरच्या पावलांनी पाच हजार पावलं झाली! तिसरं प्रथिन मायोसिन-5. ते सूक्ष्मनलिकांवर न चालता ॲक्टिनच्या बारीक तंतूंवर चालतं, पाऊल 36 नॅनोमीटरचं. कायनेसिनने कडेला आणलेले दाणे हे मायोसिन धरून ठेवतं आणि सारखे पसरवतं. हे सारे बारकावे प्रामुख्याने बेडकाच्या मेलॅनोफोर पेशींवर उलगडले. त्यातली विलक्षण गोष्ट अशी की बाहेर नेणारी आणि आत आणणारी, दोन्ही प्रकारची मोटार एकाच दाण्यावर बसलेली असते. म्हणजे प्रत्येक दाण्यावर रस्सीखेच चालू असते आणि प्रश्न एवढाच असतो की या क्षणी कोणाची बाजू जड.

बाजू जड करणारा रेणू म्हणजे सायक्लिक एएमपी, पेशीच्या आत निरोप पोचवणारा. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्यूटरी) ग्रंथीतून अल्फा-एमएसएच हे संप्रेरक रक्तात येतं आणि मेलॅनोफोरच्या पृष्ठभागावरच्या एमसी1आर या ग्राहीला, म्हणजे संप्रेरक पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. ग्राही पेशीच्या आत एका जी-प्रथिनाला जागं करते, ते ॲडेनायलिल सायक्लेज या विकराला (एन्झाइमला) चालू करतं, विकर एटीपीपासून सायक्लिक एएमपी बनवतं, त्याने प्रोटीन कायनेज-ए कामाला लागतं आणि पारडं बाहेर नेणाऱ्या मोटारींकडे झुकतं. दाणे पसरतात, साप गडद होतो. सायक्लिक एएमपी घटलं की डायनीन जिंकतं, दाणे आत गोळा होतात, साप फिका. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. एका रेणूचं प्रमाण वर-खाली होतं आणि लाखो दाणे एका दिशेने निघतात, हे चित्र डोळ्यासमोर राहू द्या.

सापात पीयूषिकेचा हात आहे हे 1941 मध्येच दिसलं. हर्मन राह्न यांनी खुळखुळ्या सापांची पीयूषिका ग्रंथी काढली तेव्हा ते साप फिके पडले. अंधाराची बाजू सांभाळणारं दुसरं संप्रेरक म्हणजे मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतलं मेलाटोनिन. आज ते झोपेचं संप्रेरक म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याचं नाव झोपेवरून पडलेलं नाही, कातडीवरून पडलं आहे. 1917 मध्ये मॅककॉर्ड आणि ॲलन यांनी गाईच्या पिनियल ग्रंथीचा अर्क बेडकाच्या पिल्लांना दिला आणि पिल्लं फिकी पडली. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर कोडावर उपाय शोधत होते. त्यांनी हजारो पिनियल ग्रंथी गोळा करून त्यातून 1958 मध्ये तो नेमका पदार्थ वेगळा काढला. कसोटी होती बेडकाची कातडी : थेंब टाकला की उजळते का? मेलॅनिनचे दाणे गोळा करणारं म्हणून ते मेलाटोनिन. बेडकाच्या मेलॅनोफोरमध्ये ते सायक्लिक एएमपी खाली आणतं, म्हणजे एमएसएचच्या बरोबर उलट. सापाच्या रक्तातही ते रात्री वाढतं आणि रात्री दिवा चालू राहिला तर दबतं.

म्हणून साप पाळणाऱ्यांना एक सांगायचं आहे. रात्री पेटीत लावायला लाल दिवे विकले जातात, ‘सापाला लाल दिसत नाही’ असं सांगून. सापाच्या डोळ्यात लांब तरंगलांबीचा प्रकाश टिपणारं प्रथिन शाबूत असतं. लाल दिवा म्हणजे अंधार नव्हे. रात्री ऊब हवी असेल तर ती उजेड न देणाऱ्या साधनाने द्यावी, थर्मोस्टॅट लावून.

दुसरा राग मला येतो तो या फोटोंवर चिकटवल्या जाणाऱ्या कथांचा. साप रागावला म्हणून काळा पडला, संकट ओळखून पांढरा झाला, हा दैवी साप आहे, असं काहीही सांगितलं जातं. विकणारेही मागे नाहीत. ‘रंग बदलणारा दुर्मीळ साप’ म्हणून वाट्टेल ती किंमत सांगतात. शॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या सरड्याशी तुलना तर हमखास होते. पण शॅमेलिऑनचा झगमगीत बदल वेगळ्या यंत्रणेचा आहे. त्याच्या त्वचेतले ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक जवळ-दूर होतात आणि परतणाऱ्या प्रकाशाचा रंगच बदलतो. पँथर शॅमेलिऑनवर हे 2015 मध्ये दाखवलं गेलं. आपला बोआ हिरव्याचा लाल होणार नाही. तो आपल्याच रंगाच्या पट्टीवर गडद-फिका होतो.

साप निस्तेज दिसण्याची इतर कारणंही वेगळी ओळखावीत. कात टाकण्याआधी जुन्या आणि नव्या त्वचेच्या मधे द्रव साठतो. अंग धूसर होतं, डोळे निळसर दुधी दिसतात आणि हे काही दिवस टिकतं, रात्रीपुरतं नसतं. इंद्रधनुषी बोआच्या अंगावरची झळाळी खवल्यांच्या पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म रचनेमुळे येते, तिथे दाण्यांचा संबंध नाही. अल्बिनो मॉर्फमध्ये, म्हणजे जन्मतः मेलॅनिन नसलेल्या पाळीव वाणात, तर हलवायला काळा दाणाच नसतो. आणि मोबाइलचा कॅमेरा रात्री स्वतःहून रंग बदलून दाखवतो, हे तर सगळ्यात आधी तपासावं.

मी त्या परिचिताला सांगितलं की पेटीत सापाशेजारी एक पांढरं कार्ड ठेव, एकाच फ्लॅशने, एकाच अंतरावरून दर दोन तासांनी फोटो काढ आणि मग फोटोंत कार्ड सारखं दिसतंय का ते बघ. त्याने एक पूर्ण दिवस-रात्र काढले. कार्ड शेवटपर्यंत तसंच पांढरं होतं. साप दिवा बंद झाल्यावरच्या पहिल्याच फोटोत फिकटायला लागला होता आणि मध्यरात्री सगळ्यात उजळ होता.

मग त्याने विचारलं, मेलॅनिन आपल्यातही आहे, मेलाटोनिनही आहे, एमएसएचची ग्राहीसुद्धा तीच आहे. मग आपण रात्री गोरे का होत नाही? कारण आपल्या रंगपेशी दाणे स्वतःकडे ठेवत नाहीत. त्या ते आपल्या फाट्यांमधून शेजारच्या त्वचापेशींना देऊन टाकतात आणि एकदा दिलेला दाणा परत ओढून घेता येत नाही. उन्हात काळवंडलेली कातडी उजळायची, तर ते दाणे घेतलेल्या पेशी वर सरकून झडून जाईपर्यंत थांबावं लागतं. सापाचं हे काम एका रात्रीत होतं, आपल्याला आठवडे लागतात.