दोन विमानतळांमधील अंतर आणि प्रवासवेळ : पार्श्वभूमी

दोन प्रादेशिक विमानतळांमधील अंतर आणि तिथवरचा प्रवासवेळ हे आकडे नेहमी शेजारी शेजारी दिले जात असले, तरी त्यांचे मूळ एक नाही. अंतर मोजण्याची रीत विमानविद्येने नौकानयनाकडून घेतली, तर वेळेचा आकडा विमान कंपन्यांच्या वेळापत्रकांतून घडत गेला.

गोलावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्ताच्या, म्हणजे गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाच्या, कंसावरून जातो. हे गणित हाताने सोडवणे जिकिरीचे असल्याने नाविकांसाठी खास त्रिकोणमितीय कोष्टके तयार झाली. त्यांतील ‘हॅव्हरसाइन’ (कोनाच्या निम्म्याच्या साइनचा वर्ग) ही संज्ञा जेम्स इनमन यांनी १८३५ मध्ये रूढ केली आणि अंतर काढणारी अनेक संगणकीय साधने आजही तिच्यावर आधारलेले सूत्र वापरतात. अक्षांशाच्या एका मिनिटावर आधारलेला सागरी मैल १९२९ च्या मोनॅको परिषदेत १,८५२ मीटर ठरला, आणि वैमानिक अजूनही त्याच मैलांत व नॉटमध्ये (ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट) बोलतात.

पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने या सूत्रात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक येऊ शकते. ती टाळणारी अचूक पद्धत भूमापनतज्ज्ञ व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये मांडली. तीनशे किलोमीटरच्या अंतरात मात्र ही चूक दीड किलोमीटरहून अधिक नसते, म्हणजे विमानाला जेमतेम दहा-अकरा सेकंदांची. वाऱ्यामुळे धावपट्टीच्या विरुद्ध टोकाकडून उतरावे लागले, तर याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

प्रत्यक्षात विमाने या कंसावरून क्वचितच उडत. अमेरिकेत १९२० च्या दशकात टपाल विमानांसाठी दिव्यांचे मनोरे उभारले गेले, पुढे रेडिओ संकेत देणारी केंद्रे आली, आणि हवाईमार्ग एका केंद्रापासून दुसऱ्या केंद्रापर्यंत अशा जोडलेल्या सरळ तुकड्यांनी आखले गेले. उपग्रहांवर आधारित दिशादर्शनाने हे वळसे कमी केले असले, तरी विमानतळाजवळचे ठरावीक प्रस्थान आणि आगमनमार्ग कायम आहेत.

वेळेचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे, आणि खरे कुतूहल इथेच आहे. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या टर्बोप्रॉप (पंख्याच्या पात्यांवर चालणाऱ्या) विमानाला ३०० किलोमीटरसाठी नुसत्या भागाकाराने ३६ मिनिटे लागावीत; वेळापत्रकात मात्र तासाभराच्या जवळचा आकडा असतो. कारण छापील वेळ ही ‘ब्लॉक टाइम’ असते, म्हणजे विमान थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या थांब्यावर उभे राहीपर्यंतची. त्यात धावपट्टीपर्यंतचे सरकणे, रांगेतली प्रतीक्षा, चढण आणि उतरण येते. शिवाय अनेक देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉटची वेगमर्यादा असते. मार्ग लहान झाला म्हणून यांतले फारसे काही आटत नाही, आणि म्हणूनच इतक्या छोट्या मार्गावर जेट विमान वापरूनही मोजकीच मिनिटे वाचतात.

वाराही जाता-येता एकमेकांची भरपाई करत नाही. ताशी १०० किलोमीटरचा वारा पाठीशी असता वरचे अंतर ३० मिनिटांत, तर समोरून असता ४५ मिनिटांत कापले जाते. दोन्ही मिळून ७५ मिनिटे होतात, निवांत हवेत ७२ झाली असती.

अमेरिकेत १९८७ पासून कंपन्यांना वक्तशीरपणाची माहिती सरकारला द्यावी लागू लागली आणि वेळापत्रकाहून १५ मिनिटांपेक्षा कमी उशीर ‘वेळेवर’ गणला गेला. तेव्हापासून छापील वेळेतच थोडी पुरवणी धरून ठेवण्याचा मोह बळावला, आणि गर्दीच्या विमानतळांवरील वाढत्या खोळंब्याने त्याला आधारही मिळाला. परिणामी काही मार्गांवर अंतर तेच असूनही आजची छापील वेळ काही दशकांपूर्वीपेक्षा अधिक आहे.