‘सातवीत आहे, माहितीचं काहीतरी द्या’ म्हणण्याआधी

पालकहो,

बालदिन जवळ आला की आमच्या पुस्तकांच्या दुकानात हे वाक्य रोज ऐकू येतं. गोष्टीचं पुस्तक एक वेळ इयत्तेवरून निवडता येईल, माहितीचं नाही. घाईघाईत जाडजूड सचित्र ज्ञानकोश नेला जातो आणि आठवड्यात बदलून मागायला परत येतो. ‘उघडूनसुद्धा बघत नाही हो!’ तुमचा हेलपाटा होतो, आमचा खोळंबा.

म्हणून आम्ही आधी विचारतो: पोरगं सध्या काय विचारून डोकं खातं? काहींना ही उलटतपासणी वाटते, पण त्याशिवाय नेमकं पुस्तक हाती लागत नाही. सांगलीची पोरं पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर गेलं ते मोजत मोठी होतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका, पाढ्यासारखं पाठ. कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळून इथवर पोचायला किती वेळ लागतो, हरिपूरला वारणा येऊन मिळते तिथं पाणी का तुंबतं, असं कुणी विचारत असेल तर त्याला नद्या-धरणांवरचं पातळ पुस्तक द्या. मग ते पाचवीत असो की आठवीत. अडलं तर तुम्हाला विचारेल. आणि ‘पहिल्या पानापासून वाच’ असा आग्रह नको. फोटोखालची ओळ वाचून मधलंच पान उघडणं, मागची सूची धुंडाळणं, हेही वाचनच.

‘घरी दादाचं आहे की’ म्हणत असाल तर छपाईचं वर्ष बघा. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून २००६ साली वगळलं, तरी नऊ ग्रहांची पुस्तकं अजून घरोघरी आहेत. आमच्याकडे तसली आली तर आम्ही परत पाठवतो. खगोलाचा कप्पा लहान दिसतो तो त्यामुळेच.

बदली आठ दिवसांत, बिल आणि कोरं पुस्तक आणल्यास. प्रश्नोत्तरांची पुस्तकं मात्र बदलून मिळणार नाहीत. खोडरबरानं पुसलं तरी पेन्सिलीचा वळ राहतो, आणि पुढच्या मुलाला आयती उत्तरं मिळतात!

नोव्हेंबरभर माहितीपर पुस्तकांचं टेबल दारातच मांडलेलं असेल. ५ ते १२ पक्षी सप्ताह, तेव्हा पहिल्या आठवड्यात पक्षी पुढे. खिशात मावणारी, रानात न्यायला सोपी पुस्तकंही ठेवली आहेत. येताना मुलाला घेऊनच या. खाली सतरंजी आहे, चाळायला मनाई नाही, घ्यायलाच हवं असंही नाही. फक्त भडंग बाहेर संपवून आत या.